स्वल्प ॲडजस्ट माडी

कर्नाटकात पाऊल टाकलेल्या मराठी माणसाच्या कानावर सगळ्यात आधी पडणारं कन्नड वाक्य म्हणजे ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’. तीन शब्दांपैकी मधला इंग्रजी. म्हणजे दुसऱ्याला सरकायला सांगण्याआधी वाक्याने स्वतः थोडं सरकून घेतलेलं आहे. बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा टेकतो तो हेच म्हणत. हॉटेलात तुमच्या टेबलावर अनोळखी गृहस्थ आपली इडली घेऊन बसतात तेही हेच म्हणत. आणि दसऱ्याच्या मिरवणुकीला म्हैसूरच्या रस्त्यावर माणसं, पोलिस, घोडे, उंट आणि हत्ती मिळून एकमेकांना बहुधा हेच सांगत असतात. आपल्या ‘चालतंय की’चं हे दक्षिणेतलं मामेभावंड. या वाक्यावर टीका करण्याची माझी छाती नाही, कारण निम्मा देश त्याच्यावर चालतो. पण ते फारच मनावर घेतल्यामुळे वाया गेलेली एक वस्तू आहे, आणि तिची बाजू मांडायला कोणी वकील मिळत नाही. म्हैसूरहून कबिनीच्या जलाशयावर जा. तिथे हत्ती दाखवायला नेणाऱ्या होडीच्या मागे मशीन टांगलेलं असतं, आणि पाण्याखाली त्याचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, त्या दांड्याभोवती दोन रबरी कडी बसवलेली असतात. त्यांना सील म्हणतात. ती गेली की सगळे एकमुखाने दोष देतात तंगुसाला, म्हणजे मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याला. माझं म्हणणं असं की तंगूस निमित्तमात्र आहे. सील मरतं ते ॲडजस्ट करून करून.

आरोप करण्याआधी मयताची थोडी ओळख. होडीच्या मागे टांगायचं हे मशीन ज्यांनी लोकप्रिय केलं, त्या ओले एविनरूड यांची गोष्ट अशी सांगतात, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ऐन उन्हाळ्यात ते भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणायला तळ्यापलीकडे वल्ही मारत गेले, आणि परत पोचेपर्यंत आइस्क्रीमचं सरबत झालेलं होतं. या अपमानातून त्यांनी मशीन बनवलं आणि 1909 साली ते विक्रीला आलं. आपल्याकडचा कोणी असता तर ‘वितळलेलंच छान लागतं’ म्हणून मोकळा झाला असता आणि आउटबोर्ड मशीन जन्मालाच आलं नसतं. असो. मशीनच्या तळाशी, कायम पाण्यात बुडलेल्या भागात, गिअरची पेटी असते. पेटीत मध्यम मशीनला अर्ध्या लिटरच्या आसपास तेल, आणि पेटीबाहेर अख्खं तळं. या दोघांच्या मधून दांडा फिरत बाहेर येतो. तिथे ही दोन सीलं पाठीला पाठ लावून बसलेली असतात. एकाचं तोंड आत, तेल बाहेर जाऊ नये म्हणून. दुसऱ्याचं बाहेर, पाणी आत येऊ नये म्हणून. भांडण झालेल्या जोडप्याने पाठ फिरवून झोपावं आणि त्यातच संसार सुरळीत चालावा, असं हे एकमेव उदाहरण. प्रत्येक सीलच्या ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग असते. रबर झिजलं की ती त्याला अजून थोडं आत दाबते. दांडा जरा थरथरला तरी ओठ त्याच्या मागे मागे जातो. थोडक्यात, ॲडजस्ट करणं हा त्या बिचाऱ्याचा जन्मजात धर्म.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की दोष देता कसले, केसासारखा दोरा स्टीलच्या दांड्याचं काय वाकडं करणार? हा आक्षेप घेणाऱ्याने पतंगाच्या मांज्याने बोट कापून घेतलेलं नसतं. साधा हिशेब करू. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर मधल्या गिअरमुळे पंखा साधारण अडीच हजार घेतो. दांडा एक इंच जाडीचा धरला तर दर फेऱ्याला तो आठ सेंटिमीटर तंगूस ओढतो. म्हणजे शंभर मीटरचं अख्खं रीळ गिळायला त्याला अर्धं मिनिट लागतं. चकलीच्या सोऱ्यालाही हा वेग जमणार नाही. हा दोरा पंख्याच्या पात्यांवर दिसत राहिला असता तर कोणी ना कोणी काढला असता. पण तो सरकत पंख्याच्या पुढे, वॉशर आणि गिअरच्या पेटीच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, जिथे पंखा काढल्याशिवाय नजर पोचत नाही. तिथे वेटोळ्यावर वेटोळं चढतं. घर्षणाने नायलॉन तापतं, वितळून चिकटतं, थंड झालं की काचेसारखं कडक होतं आणि सीलच्या ओठाखाली शिरतं. आता हा दोरा येतो कुठून? मासा सुटल्यावर येतो. कबिनीच्या पाण्याला माशांचा मोठा इतिहास आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या, म्हणजे वाघ-बिबट्यांत पेंढा भरण्याबद्दल जगभर नावाजलेल्या घरातल्या, एका गृहस्थांनी 1946 साली याच कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा, महासीर गळाला लावला होता. तेव्हापासून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाचा सुटलेला मासा निदान 55 किलोंचा असतो. माशाचं वजन सगळे सांगतात. माशाबरोबर तुटून गेलेला तीस मीटर दोरा कुठे गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. तो पाण्यात तरंगत पुढच्या होडीची वाट बघत असतो.

इथवर तंगुसावर गुन्हा शाबीत झाल्यासारखं वाटेल. पण खरी गंमत पुढे आहे. तंगूस घुसला त्या दिवशी काहीही होत नाही. होडी चालते, हत्ती दिसतात, पर्यटक टाळ्या वाजवतात. ओठ जरा फाटलेला असतो, पण स्प्रिंग उरलेला भाग आवळून धरते. बाहेरचं सील नापास झालं तरी आतलं काम ओढत राहतं. एका कारकुनाने रजा टाकली की शेजारच्या टेबलावरचा दोघांच्या फायली बघतो तसं. आपल्या घरातल्या कुकरच्या रिंगशी याची तुलना करून पाहा. रिंग सैल झाली की कुकर बाजूने फुसफुसतो, शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही, आणि सासऱ्यांना एक तास जेवण उशिरा मिळतं. अर्थात त्यावरही मराठी घरात आधी रिंग फ्रीजरमध्ये ठेवून बघितली जाते, मग उलटी लावून बघितली जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात नवी येते. (प्रस्तुत लेखकाची यंत्रविद्येतली मजल रिंग उलटी लावण्यापर्यंतच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.) तरी निदान कुकर बोंब मारतो. सील बोंब मारत नाही. आणि पाणी आत शिरतं ते तरी कधी? बहुतेकांना वाटतं, होडी वेगात असताना. पण फेरी चालू असताना पेटी तापते, आतली हवा फुगते, दाब बाहेरच्या दिशेला असतो. फेरी संपते, मशीन बंद होतं, गरम पेटी गार पाण्यात निवते, आतली हवा आकसते आणि पेटी फाटक्या ओठातून तळ्याचं पाणी हळूच आत ओढून घेते. म्हणजे नावाडी किनाऱ्यावर रागी मुद्दे आणि सारू, म्हणजे नाचणीचा गोळा आणि आमटी, घेऊन निवांत जेवायला बसलेला असतो, नेमकं तेव्हा खाली मशीनही आपलं जेवण उरकत असतं. इतक्या सभ्यपणे घडणाऱ्या अपघाताचा आरोप एकट्या दोऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

पुरावा हवा असेल तर पेटीचा खालचा स्क्रू काढावा. निरोगी तेल मधासारखं, फार तर काळपट उतरतं. पाणी शिरलेलं तेल उतरतं ते थेट म्हैसूरच्या फिल्टर कॉफीसारखं: तोच रंग, तोच दाटपणा, वर तोच फेस. फक्त पेल्याखालची वाटी, म्हणजे डबरा, तेवढी कमी. हे दृश्य समोर असताना जो संवाद होतो, तो कुठल्याही तळ्यावर थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मालक विचारतो, “तेल पांढरं कशाने झालं?” नावाडी म्हणतो, “थंडीमुळे, सर.” “एप्रिलमध्ये?” “पहाटेची थंडी, सर.” मेस्त्री खाली बसून बोटाने तेल चोळून बघतो आणि सांगतो, “सील गेलंय. पंखा काढावा लागेल.” मालक आकाशाकडे बघतो. शनिवार-रविवार तोंडावर आलेला असतो. “सोमवारी बघू. तोवर तेल बदलून चालेल ना?” मेस्त्रीला माहीत असतं की चालणार नाही, पण तोही याच मुलखातला. “चालेल तसं,” तो म्हणतो. आणि या ‘तसं’मध्ये पुढे गिअरचा अख्खा संच बुडतो. नवं तेल भरतानाही एक गोष्ट होते. हे तेल खालच्या भोकातून भरायचं असतं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, पंगतीतल्या जावयाला आग्रह करावा तसं. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पेटी अर्धी रिकामी राहते. पण वरून ओतणं सोपं असतं, कंबर वाकवावी लागत नाही. त्यामुळे वरूनच ओतलं जातं.

इथे एका प्रामाणिक आक्षेपाला जागा दिली पाहिजे: प्रत्येक वेळी सीलच गेलेलं असतं असं नाही. तेलाच्या स्क्रूखाली एक चिमुकलं वॉशर असतं. ते दर वेळी नवं घालायचं असतं, आणि जगात कोणीही दर वेळी नवं घालत नाही. त्याच्या कडेनेही पाणी शिरतं आणि तीच कॉफी तयार होते. म्हणजे सील बदलण्याआधी दोषी कोण हे ठरवावं लागतं. त्याची पद्धत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सायकलचं पंक्चर काढणारा काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. इथेही तेच: तेल काढायचं, भोकातून पंपाने हलकीशी हवा भरायची, पेटी पाण्यात धरायची. बुडबुडे दांड्यापाशी आले तर सील, स्क्रूपाशी आले तर वॉशर. पाच मिनिटांचं काम. पण पंक्चरवाल्याचा हा उपाय इतक्या महागड्या मशीनला लावणं कमीपणाचं वाटतं. म्हणून आधी सील बदलतात, मग तेल बदलतात, मग मेस्त्री बदलतात, आणि वॉशर तिथेच राहतं.

समजा सीलच गेलंय आणि सोमवारही उजाडला. पुढची दुरुस्ती अवघड नाही, फक्त तिच्यात तीन ठिकाणी मनुष्यस्वभाव आडवा येतो. पहिलं ठिकाण हातोडी. नवं सील सपाट, त्याच मापाच्या नळकांड्याने दाबत सरळ बसवायचं असतं. पण ज्याच्या हाती हातोडी त्याला सगळं जग खिळा दिसतं. दोन ठोके तिरके पडले की मागची स्प्रिंग टुणकन उडून गवतात जाते, आणि स्प्रिंगशिवाय सील म्हणजे नाडीशिवाय पायजमा. दुसरं ठिकाण तोंडं. एक आत, एक बाहेर, हे वर सांगितलंच. पण घाईत दोन्हींची तोंडं एकाच दिशेला बसतात. मग एकतर तेल अगदी सुरक्षित राहतं आणि पाणी सुखाने आत येतं, किंवा पाणी बाहेर थांबतं आणि तेल तळ्याला भेट जातं. तिसरं ठिकाण मात्र खरोखर विचार करण्यासारखं आहे. नवं सील बरोबर बसवूनही आठ दिवसांत कॉफी पुन्हा दिसते, आणि मेस्त्री सील बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरतो. त्याने एकदा दांड्यावरून नख फिरवावं. जिथे जुना ओठ टेकत होता तिथे नख अडकलं तर तिथे चर पडलेला आहे. मऊ रबराने कडक स्टीलला चर पाडला, हे ऐकून कोणीही हसेल. पण जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड आठवा. सुताच्या दोराने त्यात बोटभर खाचा पडलेल्या असतात. दोर मऊच असतो, पण रोज येतो, आणि येताना माती घेऊन येतो. सीलच्या ओठातही तळ्यातली बारीक रेती अडकते आणि वर्षानुवर्षं त्याच जागी घासते. अशा दांड्यावर नवं सील म्हणजे खड्डे तसेच ठेवून रस्त्यावर पांढरे पट्टे ओढणं. उपाय दोन: चरावर पातळ स्टीलची बाही चढवायची, नाहीतर जागा असेल तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. दुसऱ्या उपायाला खर्च नाही, म्हणून तो मला जास्त आवडतो. सील थोडं सरकलं, काम झालं. आयुष्यात ॲडजस्ट करणं एवढं एकदाच त्याच्या कामी येतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, जो नावाड्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो: चालत्या मशीनला हात लावू नये. याच्या मागे पिढ्यांचा अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. चालणारं घड्याळ उघडून पुन्हा चालू करता आलं, असे गृहस्थ गावात एखाददुसरेच असतात. बाकीच्यांच्या हाती एक चक्र जास्तीचं उरतं. पण पंखा काढणं म्हणजे घड्याळ उघडणं नव्हे. एक पिन, एक नट, एक-दोन वॉशर, की पंखा हातात. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत हे स्वच्छ लिहिलेलं असतं, की पंखा अधूनमधून काढून दांड्यावर दोरा गुंडाळला आहे का ते पाहावं, आणि गिअरचं तेल साधारण शंभर तासांनी बदलावं. ती पुस्तिका बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेल्या अवस्थेत, नव्यासारखी असते. माणूस वेळेवर हात लावत नाही, या प्रश्नाला एका थोर माणसाने दिलेलं उत्तर म्हैसूरच्या जवळच उभं आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्यात नोकरीला होते, आणि पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी योजले. असे दरवाजे 1903 साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसले. नंतर 1911 साली काम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणातही त्यांची ही युक्ती गेली. 124 फूट पाणी अडवणाऱ्या धरणाचे दरवाजे माणसाला वेळेवर आठवतील, यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता. होडीच्या सीलला अजून कोणी विश्वेश्वरय्या भेटलेला नाही. पंख्यापाशी दोरा कापणारं पातं लावलेली मशीनं परदेशात निघाली आहेत खरी, पण ते पातं तरी बोथट झालंय का, हे पंखा काढूनच बघावं लागतं.

मग एखादा वैतागून म्हणतो, मशीनच नको, हरिगोल बरा. कावेरीवरची ती बांबूची गोल टोपली. तिला ना पंखा, ना सील, ना तेल, तंगूस कितीही असला तरी अडकायला जागा नाही. मुद्दा बिनतोड आहे. फक्त हरिगोल सरळ जायला तयार नसतो. पर्यटकांना मजा वाटावी म्हणून नावाडी त्याला मुद्दाम गरगर फिरवतात, आणि ज्यांना मजा वाटत नाही तेही फिरतातच. त्या भोवऱ्यात बसून पलीकडच्या काठावरचा हत्ती दर तीन सेकंदांनी एकदा दिसतो. कबिनीत एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाऊन काठावर हिरवळ उघडी पडते आणि हत्तींचे कळप तिथे उतरतात, ते बघायला लोक हजारो रुपये भरून येतात. त्यांना सरळ जाणारी होडी हवी. म्हणजे मशीन आलं. मशीन आलं की दांडा आला, दांडा आला की सील आलं. आणि राहता राहिला तो गळ टाकणारा. त्याला दंड करा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. जरूर करावा, तुटलेला दोरा पाण्यात सोडणारा कौतुकाला पात्र नाहीच. माशांच्या आणि पाणपक्ष्यांच्या गळ्यातही तोच अडकतो. पण दंडाच्या पावतीने दांड्यावर आधीच बसलेलं वेटोळं सुटत नाही. ते सोडवायला पक्कड घेऊन कुणीतरी खाली बसावं लागतं.

तेव्हा होडीवाल्यांनो, पुढच्या वेळी मशीन वर घेतलंच आहे तर पंखा एकदा काढाच. दांड्यावरचा तंगूस पकडीने उलट्या दिशेने सोडवा, सुरीने खरवडू नका, ओठ कापला जाईल. दांड्याला पाण्याने न धुपणारं ग्रीस लावा, वॉशर होते त्याच क्रमाने घाला, नट आवळा. आणि शेवटी ती जुनी वाकडी पिन दगडावर ठोकून सरळ करून परत घालू नका. नवी पिन एका कॉफीच्या पैशांत मिळते.